"तो काही करत नाही हो!": लाडोबा कुत्र्याला मोकळं सोडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (खास कोल्हापूरकरांसाठी)

बाळ्याला घेऊन बाहेर पडलं की रोज कुणीतरी थांबवून तेच विचारतंय, आमचं ऐकत नाही, तुमचं कसं काय परत येतंय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं. बाळ्या म्हणजे आमचं कुत्रं, लॅब (लॅब्राडोर) आणि गावठी यांचं पोरगं, वय अडीच वर्षं, वजन २८ किलो, आणि जगातला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक कुत्रं आपल्यालाच भेटायला आलंय अशी त्याची जन्मापासूनची खात्री. मी ट्रेनर नाही, पण दीड वर्ष रोज सकाळी हेच काम केलंय.

आमचं कुत्रं चावत नाही, नुसतं लाडानं जवळ जातंय. मग अडचण काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मला लई महागात कळलंय, म्हणून आधी तेच सांगतो.

बाळ्या तेव्हा दहा महिन्यांचा होता. थंडीचे दिवस, सकाळचे सव्वासहा, रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या अंगाला फारसं कुणी नव्हतं, धुकं होतं, मी लीश काढली. शंभर-सव्वाशे पावलांवर एक आजोबा येत होते, हातात काठी, गळ्यात मफलर. बाळ्यानं बघितलं आणि निघाला की सुसाट. मी मागनं ओरडतोय, काका घाबरू नका, काही करत नाही तो! आजोबा जाग्यावर थांबले, काठी थोडी पुढं धरली, आणि बाळ्यानं दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टाकले. ते मागं पडले. हात टेकला आणि मनगट मोडलं. मी पोचलो तेव्हा चष्मा बाजूला पडलेला, बाळ्या शेपूट हलवत त्यांचं तोंड चाटत होता, आणि मी अजून तेच म्हणत होतो, काही करत नाही, काही करत नाही.

करून झालेलं होतं की सगळं.

तेव्हा अडचण ही आहे बघा. कुत्र्याच्या मनात प्रेम आहे हे फक्त तुम्हाला माहिती आहे. समोरच्याला दिसतंय ते अंगावर येणारं जनावर. तो माणूस म्हातारा असेल, गरोदर बाई असेल, लहानपणी चावा खाल्लेलं कुणी असेल, नाहीतर नुसतंच कुत्रं न आवडणारं असेल आणि तोही त्याचा हक्क आहे. कुत्र्यांचंही तेच. लीशवर चाललेलं दुसरं कुत्रं आजारी असू शकतं, नुकतं टाके काढलेलं असू शकतं, भित्रं असू शकतं, आणि ते बांधलेलं असल्यामुळं त्याला पळूनही जाता येत नाही, मग ते चावतं आणि सगळे म्हणतात त्याचंच कुत्रं वाईट.

मग काय आयुष्यभर बांधूनच ठेवायचं?

अजिबात नाही. कुत्र्याला मोकळं पळायला मिळालंच पाहिजे, नाहीतर त्याची सगळी रग घरातल्या सोफ्यावर निघते. फक्त क्रम उलटा करायचा नाही. आधी परत यायला शिकवायचं, मग सोडायचं. आपण बहुतेक सगळे आधी सोडतो आणि मग हाका मारत बसतो.

घरात हाक मारली की लगेच येतंय, बाहेर गेलं की बहिरं होतंय. असं का?

बहिरं होत नाही, हिशेब करतंय. घरात तुमच्याकडं येण्यापेक्षा भारी दुसरं काही नसतं. ग्राउंडवर समोर दुसरं कुत्रं आहे, क्रिकेट खेळणारी पोरं आहेत, भेळेचा कागद पडलाय. आणि तुमच्याकडं आल्यावर काय मिळणार? लीश अडकणार आणि घरी जावं लागणार. दहा वेळा असं झालं की कुत्र्याच्या डोक्यात पक्कं बसतंय, मालकानं हाक मारली म्हणजे मजा संपली. आपणच शिकवलेलं असतंय हे त्याला, रोज, न चुकता.

दुसरी गोष्ट म्हणजे लाडोबा कुत्र्याचं बक्षीस आपल्या हातात नसतं. तो पळत जातो, समोरचं माणूस "अगंबाई किती गोड" म्हणून डोकं खाजवतं, झालं, न ऐकल्याचा पगार त्याला जाग्यावर मिळाला. प्रत्येक वेळी पळत जाऊन भेट घेता आली की ती सवय आणखी घट्ट होते. म्हणून शिकवायच्या काळात सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे त्याला तशी संधीच मिळू द्यायची नाही.

तिसरं म्हणजे कुत्र्याला शब्द जागेसकट पाठ होतो. स्वयंपाकघरात शिकलेलं "ये" त्याला गच्चीवर नवीनच वाटतंय. प्रत्येक नव्या जागी पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागते, त्याला इलाज नाही.

हाकेसाठी कुठला शब्द वापरायचा?

"ये" सोडून कुठलाही. "ये" आपण दिवसभर शंभर जणांना म्हणतो, आणि तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत तो आधीच वापरून वापरून बोथट झालाय. नावसुद्धा नको, नाव आपण प्रेमानं, रागानं, उगाचच, कशापायीही घेतो.

आमच्याकडं शब्द आहे "गूळ". आईनं सुचवला. "गूऽऽळ" असा लांबवता येतो, लांबपर्यंत जातो, आणि राग आला असला तरी तो शब्द रागानं म्हणता येत नाही (करून बघा). गूळ खायला देत नाही हं, गोड त्याच्यासाठी चांगलं नाही, नुसता शब्द. ग्राउंडवर पहिल्यांदा ओरडताना लोकं वळून बघतात, बघू देत. आवाज लांब पोचत नसेल तर शिट्टी घ्या, शिट्टीचा फायदा हा की घरातल्या सगळ्यांची सारखीच वाजते. कुठला का असेना, त्या शब्दाचा नियम एकच, तो ऐकून आलं की काहीतरी लई भारी मिळालंच पाहिजे. अंघोळीला, औषधाला, नखं कापायला बोलवायला तो शब्द चुकूनही वापरायचा नाही, तेव्हा सरळ उठून जाऊन घेऊन यायचं.

लांब दोरी म्हणतात ती कसली? आणि कशाला?

शिकवायच्या काळात कुत्र्याला आपण मोकळं आहे असं वाटावं पण पळून जाता येऊ नये, यासाठी ८ ते १० मीटरची दोरी. ऑनलाईन तयार मिळते. मी मात्र बैलाचा सुती कासरा घेतला, दोन जोडले आणि टोकाला फिरता हुक बसवून घेतला. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती हातातनं सरकली की तळहात सोलवटून निघतो, माझा निघालाय.

दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीच अडकवायची नाही. २८ किलोचं कुत्रं दहा मीटर पळत जाऊन एकदम थांबलं तर मानेला केवढा हिसका बसेल विचार करा. छातीच्या हार्नेसला पाठीवरच्या कडीत अडकवा. आणि हाताला किंवा बोटांना गुंडाळून धरू नका, बोट मोडतंय. दोरी जमिनीवर फरफटू द्यायची, गरज पडली की टोकावर पाय ठेवायचा. ओढून आणायला ती नाहीच, नुसती थांबवायला आहे. ओढून आणलेलं कुत्रं यायला शिकत नाही, ओढायला शिकतंय. आणि ती गुंडाळी होणारी रिट्रॅक्टेबल लीश या कामाला नको, ती कायम ताणलेली असते म्हणून कुत्र्याला ताणाची सवय लागते.

नेमकं करायचं काय? रोजचं सांगा.

पहिला आठवडा घरातच. कुत्रं दोन पावलांवर आहे, तुमच्याकडंच बघतंय, तेव्हा शब्द म्हणा आणि लगेच खाऊ द्या. दिवसातनं दहा-पंधरा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. आत्ता त्यानं काही करायचंच नाहीये, नुसतं "गूळ" म्हणजे चिकन एवढं डोक्यात बसवायचंय. मग दुसऱ्या खोलीतनं हाक. मग गच्ची. मग अपार्टमेंटचं पार्किंग. मग रिकामं ग्राउंड, लांब दोरीवर.

ग्राउंडवर गेल्यावर लोकांची एक चूक होते, आणि माझीही झाली, ती म्हणजे कुत्रं कशाततरी गुंगलेलं असतानाच हाक मारायची. सुरुवातीला उलटं करा. त्याला हुंगू द्या, आणि ते स्वतःहून तुमच्याकडं वळलं की त्याच क्षणी हाक मारा. येणारच असतंय ते. आलं की एका हातानं खाऊ आणि दुसऱ्या हातानं पट्टा धरा, दोन सेकंद, मग "जा" म्हणून परत सोडून द्या. हे पट्टा धरून सोडणं लई महत्त्वाचं आहे. काही कुत्री हातभर अंतरावर येतात आणि हात पुढं केला की सटकतात, कारण हात म्हणजे लीश हे त्यांनी ओळखलेलं असतंय. दहातल्या नऊ हाका "जा, परत खेळ" म्हणून संपल्या पाहिजेत आणि एकच घरी जायची. मग हाक म्हणजे मजा संपली हा हिशेबच मोडतो.

शब्द एकदाच म्हणायचा. "गूळ, गूळ, ए गूळ, अरे गूळ की" असं सुरू झालं की पाचव्या हाकेला यायचं असतंय असं ते शिकतंय. एकदा म्हणून आलं नाही तर गप राहायचं, दोरीवर पाय ठेवायचा, जवळ जाऊन नाकापुढं खाऊ धरून वळवायचं, आणि समजायचं की आपणच घाई केली, पुढच्या वेळी अंतर कमी किंवा गर्दी कमी.

रोज वीस मिनिटं पुरे. दोन तास ओढाताण करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं दोनदा कधीही चांगलं.

खाऊ काय द्यायचा? आणि जन्मभर देत राहायचं का?

घरात त्याचंच रोजचं खाणं चालतंय. बाहेर मात्र पगार वाढवावा लागतो, उकडलेलं चिकन, पनीर, उकडून तव्यावर कोरडी केलेली कलेजी (ही थोडीच). तुकडा हरभऱ्याएवढा, जास्त मोठा नको, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातनं कमी करा. चिकन बिनमिठाचं, बिनमसाल्याचं. रविवारच्या मटणातलं उरलंय म्हणून देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे आणि आपलं तांबडं-पांढरं त्याशिवाय होत नाही. शिजलेलं हाड तर नकोच, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटू शकतंय. चॉकलेट, द्राक्षं, मनुका पण नाही.

जन्मभर द्यायचं का, तर हो, थोडंफार. सहा-आठ महिन्यांनी प्रत्येक हाकेला द्यायची गरज राहत नाही. कधी चिकन, कधी नुसतं शाब्बास, कधी बॉल, आणि कधी एकदम पाच-सहा तुकडे एकामागोमाग. कधी काय मिळेल याचा नेम नसला की कुत्रं जास्त जोमानं येतंय. पण समोरचं कुत्रं सोडून आलं असेल तर त्या दिवशी हात आखडता घेऊ नका, त्यानं केवढं सोडलंय ते बघा.

आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडनं काळविटाची शिकार करवायचे हे बऱ्याच जणांना माहिती असेल. चित्त्याच्या शिकारीत एक गोष्ट बघण्यासारखी होती. चित्त्यानं काळवीट धरलं की चित्तेवान त्याला मारून-ओढून बाजूला काढत नसत, भांड्यात रक्त-मांस घेऊन नाकापुढं धरायचे, चित्ता तिकडं वळला की डोळ्यांवर टोपी चढवायची. चित्त्याला जे लागू पडतं ते आपल्या लॅबला पडणार नाही का?

सात-आठ महिन्यांपर्यंत सगळं ऐकत होतं. आता डोळ्यात डोळे घालून बघतंय आणि निघून जातंय. बिघडलं का?

वयात आलंय. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, मोठ्या जातीत दोन वर्षांपर्यंत, हे चालतंय. २०२० साली इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर एक अभ्यास छापला होता, त्यात आठ महिन्यांच्या वयाला कुत्री आपल्याच माणसाचं "बस" कमी ऐकत होती आणि परक्याचं मात्र ऐकत होती. मी वाचलं तेव्हा मला लई बरं वाटलं, कारण आमचा बाळ्या माझ्या भाच्याचं ऐकायचा आणि माझ्याकडं ढुंकूनही बघत नव्हता.

या काळात दोरी परत लावा. लाज वाटून घेऊ नका. बरीच कुत्री याच वयात "ऐकत नाही" म्हणून कायमची साखळीला बांधली जातात, आणि थोडेच महिने कळ काढली असती तर आयुष्यभराचा सोबती झाला असता.

दुसरं कुत्रं दिसलं की ओढतंय, ओरडतंय, दोन पायांवर उभं राहतंय. त्याला नुसतं खेळायचं असतंय.

खरं आहे, पण ओढून भेट मिळाली की ओढणं वाढणार. अंतर हे इथलं सगळ्यात मोठं औषध. दुसरं कुत्रं किती लांब असताना तुमचं कुत्रं अजून खाऊ घेतंय ते शोधा. आमची सुरुवात जवळजवळ साठ पावलांवरनं झाली. त्या अंतरावर उभं राहायचं, बाळ्यानं कुत्र्याकडं बघितलं की "शाब्बास" आणि खाऊ. परत बघितलं, परत खाऊ. चार-पाच दिवसांनी काय व्हायला लागलं, कुत्रं दिसलं की तो आपणहून माझ्याकडं मान वळवायला लागला, दिसलं बघ, दे आता. तिथनं अंतर पाच-पाच पावलांनी कमी केलं. तोंडापुढं चिकन धरलं तरी घेत नसेल तर तुम्ही लई जवळ आहात, मागं फिरा, बाकी काही प्रयत्न करू नका.

आणि सगळ्यांना भेटलंच पाहिजे हा हट्ट सोडा. दहा कुत्री दिसली तर एकाला भेटायचं, तेही समोरच्या मालकाला विचारून, आणि दोघांच्या लीश ढिल्या ठेवून. तीन सेकंद हुंगू द्या, मग हाक, खाऊ, आणि वाटलं तर परत जा. खेळताना बघत राहा, एकदा हा पुढं एकदा तो, मध्येच थांबणं, पुढचे पाय वाकवून बोलावणं, असं असेल तर मजेत चाललंय. एकच कुत्रं सारखं खाली पडतंय, शेपूट पोटात घेतंय, तोंड फिरवून ओठ चाटतंय, किंवा एकदम ताठ होऊन थिजलंय, तर ताबडतोब बोलवून घ्या. समोरचं नको म्हणतंय.

माणसांच्या अंगावर उडी मारतंय त्याचं काय?

चार पाय जमिनीवर असताना लाड, पाय उचलले की पाठ. बस. पण घरातला एक जण जरी उडी मारल्यावर "आला माझा राजा" म्हणून कवटाळत असेल तर काही होणार नाही, आणि प्रत्येक घरात असा एक जण असतोय. पाहुणे आले की लीश लावून ठेवा, "बस" करवून घ्या, बसल्यावरच पाहुण्यांनी हात लावायचा. गुडघा मारणं, पायावर पाय देणं हे जुने उपाय करू नका, त्यानं माणूस जवळ आला की दुखतंय एवढंच शिकेल.

सुटून पळालंच तर?

मागं पळू नका. तुम्ही पळालात की त्याला वाटतंय शिवाशिवी सुरू झाली. एकदा हाक मारा आणि उलट्या दिशेनं पळा, हसत, टाळ्या वाजवत. नाहीतर खाली उकिडवे बसा आणि जमिनीवर काहीतरी सापडल्यासारखं खरवडत राहा, लई कुत्र्यांना त्यानं राहवत नाही. आणि अर्ध्या तासानं आलं तरी मारायचं नाही, रागवायचं नाही. त्याला शिक्षा पळाल्याची वाटत नाही, आल्याची वाटते. आतल्या आत दात खा पण तोंडानं शाब्बास म्हणा.

गळ्यात तुमच्या फोन नंबरचा बिल्ला असू दे. पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल.

एक फटका दिला तर लवकर शिकेल ना? आणि ते शॉकचे पट्टे?

नाही. वेल्समध्ये २०१० सालापासून शॉकच्या पट्ट्यांवर कायद्यानं बंदी आहे. कारण सोपं आहे, कुत्रं दुसऱ्या कुत्र्याकडं आनंदानं बघत असताना मानेला झटका बसला तर त्याच्या डोक्यात ते दुखणं त्या कुत्र्याशी जोडलं जाऊ शकतंय. लाडोबाचं खुनशी कुत्रं करायचं असेल तर यासारखा रस्ता नाही. तुमच्याकडं आत्ता जे कुत्रं आहे त्याला माणसं आवडतात, हे केवढं मोठं भांडवल आहे, ते जाळू नका.

कोल्हापुरात मोकळं सोडायचं कुठं?

आधी कुठं नाही ते. रंकाळ्यावर नाही, कुठल्याही वेळी नाही. फिरणारी माणसं, व्यायामवाले, म्हशी, खाऊगाड्यांभोवतीची गल्लीतली कुत्री, आणि एका बाजूला गाड्यांचा रस्ता. पंचगंगा घाटावर नाही. साचलेलं हिरवं पाणी कुठलंही असो, पिऊ देऊ नका, काही शेवाळं कुत्र्याचा जीव घेऊ शकतात, आणि पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा आजार) भीती असते, त्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

उसाच्या कडेनं तर अजिबात सोडू नका. कुत्रं एकदा उसात शिरलं की दोन मीटरवर असलं तरी दिसत नाही, पाचट कापते, आत साप, रानडुक्कर काय असेल सांगता येत नाही, आणि गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या. आपल्याकडं शहराबाहेर पडलं की ऊसच, त्यामुळं हे लक्षात ठेवा. राधानगरीला घेऊन जायचा विचार असेल तर अभयारण्यात कुत्रं न्यायचंच नाही, १९५८ पासून ते गव्यांसाठी राखलेलं रान आहे आणि घरच्या कुत्र्याकडनं जंगलातल्या प्राण्यांना आजार जातात. पन्हाळ्याच्या बाजूला अंधार पडल्यावर बिबट्याचा धोका आहे, तिथं लहान कुत्रं मोकळं सोडणं म्हणजे ताट वाढून ठेवणं.

मग कुठं? सगळ्यात चांगलं म्हणजे ओळखीच्या कुणाचा तरी कुंपण घातलेला प्लॉट. आम्ही चार-पाच कुत्रेवाले मिळून एकाचा रिकामा प्लॉट वापरतो, गवत आम्हीच काढतो, घाण आम्हीच उचलतो. तपोवनसारखी मोठी मैदानं भल्या पहाटे रिकामी मिळतात, पण तिथं कुंपणाचा भरवसा नाही म्हणून लांब दोरीवरच, आणि पोरं खेळायला आली की आपण निघायचं, मैदान आधी त्यांचं आहे. एप्रिल-मेमध्ये डांबरावर पालथा हात ठेवून बघा, सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पायही भाजतात.

आणि फटाके. दिवाळी, गणपती तर आहेतच, पण आपल्याकडं फुटबॉलची मॅच जिंकली तरी पेठेत माळा लागतात. त्या दिवशी कितीही शिकलेलं कुत्रं असलं तरी लीश काढायची नाही. घाबरलेल्या कुत्र्याला हाक ऐकूच जात नाही.

गल्लीतली कुत्री अंगावर येतात, आमचं मात्र शेपूट हलवत त्यांच्याकडं जातंय.

त्यांच्या हद्दीत तुम्ही पाहुणे आहात. तुमचं भाबडं कुत्रं सरळ नाकाला नाक लावायला गेलं की त्यांच्या भाषेत तो उद्धटपणा. लीश लहान करा पण ताणू नका, कुत्र्याला तुमच्या मागच्या अंगाला घ्या आणि कडेनं वळसा घालून शांत चालत जा. दगड मारू नका, पळू नका. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी, साधारण दरवर्षी, चुकवू नका. कुणालाही चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना काही लावत बसू नका.

नसबंदी केली की शांत होईल?

वास काढत भटकणं कमी होतंय बऱ्याच नरांचं. माणसांवरचं प्रेम कमी होत नाही, शिकवावं लागतंच. कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडं मुधोळ आहे. त्यालाही हेच?

पद्धत हीच, पण मुधोळ, कारवानी ही नजरेनं शिकार करणारी जात. ससा, मांजर दिसलं आणि एकदा पाय उचलले की हाक कानापर्यंत पोचत नाही. त्यांना मी कुंपणाशिवाय सोडणार नाही, कितीही शिकवलं असलं तरी. लॅबची ओढ खाण्याकडं, त्यामुळं आपल्याला काम सोपं. गावठीचं डोकं लई तल्लख, लवकर शिकतात आणि तुमची चूकही लवकर पकडतात.

कुणाला लागलं तर कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना मालकानं काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "तो लाडानं गेला होता" याला तिथं काही अर्थ नाही.

किती दिवस लागतात?

आम्हाला रिकाम्या ग्राउंडवर भरवसा यायला तीन महिने लागले. दुसरं कुत्रं खेळत असताना मधनं परत यायला वर्ष. लांब दोरी एकदम काढली नाही, आधी हातातनं सोडून नुसती फरफटू दिली, मग दर आठवड्याला मीटरभर कापत गेलो, शेवटी हार्नेसला वीतभर तुकडा लोंबत होता, तो पण महिनाभर ठेवला. ज्या दिवशी पहिल्यांदा बाळ्या दोन कुत्र्यांच्या खेळातनं "गूळ" ऐकून वळला, कान मागं उडालेले, तोंड उघडं, सरळ माझ्याकडं, त्या दिवशी खिशातलं सगळं चिकन मी त्याच्यापुढं ओतलं.

ते आजोबा परत भेटले का?

भेटतात. त्यांचं प्लास्टर निघेपर्यंत मी घरी जात होतो, दवाखान्याचा खर्च त्यांनी घेतला नाही, चहा मात्र दरवेळी दिला. आता ते पुन्हा सकाळी फिरतात. बाळ्याला लांबनं बघितलं की अजून रस्त्याची बाजू बदलतात. आम्ही पण थांबतो, लीश धरून, मी बाळ्याला कडेला बसवतो आणि ते पुढं निघून जाईपर्यंत एक-एक तुकडा देत राहतो. जाताना ते काठी थोडी वर करतात.